सोडियमला इलेक्ट्रॉन खरोखरच द्यायचा असतो का? रासायनिक बंध, आवर्ती कल आणि अष्टकाचा नियम

मृण्मयी_रसायन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

सोडियम आणि क्लोरीन यांच्यातला बंध शिकवताना एक वाक्य फळ्यावर हमखास येते (अष्टक म्हणजे बाह्यतम कवचातले आठ इलेक्ट्रॉन): "सोडियमला आपले अष्टक पूर्ण करायचे असते, म्हणून तो बाह्यतम कवचातला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो." हे वाक्य शाळेपासून विद्यार्थ्यांच्या इतके अंगवळणी पडलेले असते, की अकरावीत आयनन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) शिकल्यावरही ती या वाक्याशी ताडून पाहावी असे फारसे कुणाच्या मनात येत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना मला ही अडचण सर्वांत जास्त जाणवते, म्हणून हा धागा काढते आहे. माझे म्हणणे असे, की अष्टक पूर्ण झालेले दिसणे हा बहुतेक वेळा बंध तयार झाल्याचा परिणाम असतो, त्याचे कारण नसते. कारण ऊर्जेत शोधावे लागते, आणि ती ऊर्जा कुठे खर्ची पडते व कुठे परत मिळते हे आधीच सांगता यावे यासाठी आवर्ती कल, म्हणजे आवर्तसारणीत पुढे किंवा खाली जाताना अणूंचे गुणधर्म कसे बदलतात ते, शिकायचे असतात.

आधी आकडे पाहू. या धाग्यात सर्व ऊर्जा किलोज्यूल प्रति मोल या एककात आहेत, म्हणून दर वेळी एकक लिहीत नाही. सोडियमच्या वायुरूप अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात. तो क्लोरीनच्या अणूला मिळाला की ३४९ बाहेर पडतात. म्हणजे दोन सुटे अणू एकमेकांपासून खूप दूर असताना नुसती देवाणघेवाण झाली, तर १४७ ची तूट येते. शिवाय सोडियम मुळात धातूच्या रूपात असतो आणि त्याचे अणू सुटे करायला १०७ लागतात. क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा असतो, त्यातला एक अणू मोकळा करायला १२१ लागतात. सगळी तूट मिळून ३७५ होते. या टप्प्यावर सोडियमचेही अष्टक पूर्ण आहे आणि क्लोरीनचेही, तरीसुद्धा सगळा व्यवहार तोट्यात आहे!

ही तूट भरून निघते ती पुढच्या पायरीवर. सुटे धन आयन आणि ऋण आयन एकत्र येऊन स्फटिक तयार होतो, प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन अशी रचना लागते, आणि त्या आकर्षणापोटी ७८७ बाहेर पडतात. हीच जालक ऊर्जा. ७८७ मधून ३७५ वजा केले की ४१२ उरतात, आणि प्रत्यक्ष मोजमापात मिठाची निर्मिती ऊष्मा ४११ भरते. मीठ स्थिर आहे ते या शिलकीमुळे.

स्फटिकातली ही पकड किती घट्ट असते ते घरच्या शेगडीवरही दिसते. स्टीलच्या एका पळीत साखर आणि दुसरीत जाडे मीठ घेऊन दोन्ही आचेवर धरा. साखर थोड्या वेळात पाघळते, पिवळी पडते, मग तांबूस होऊन करपते. मीठ तडतडते, कारण खड्यांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडे फुटतात; पण ते शेवटपर्यंत पांढरेच राहते आणि वितळत नाही. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस आहे. साखर वितळताना तिच्या रेणूंच्या आतले सहसंयुज (इलेक्ट्रॉन सामायिक करून झालेले) बंध तुटत नाहीत, रेणू फक्त एकमेकांपासून सुटतात. रेणूच मोडू लागतात ते करपताना. मिठात मात्र सुटणारा असा रेणूच नाही, संपूर्ण जालक सैल करावे लागते.

तुम्ही हा भाग कसा शिकलात आणि शिकवत असाल तर कसा शिकवता, हे वाचायला आवडेल.

शिकवणीवाला

मॅडम, मुद्दा पटला, पण अष्टकाच्या नियमाची बाजूही कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या सामायिक जोडीची कल्पना मांडली, त्याच वर्षी जर्मनीत कोसेल यांनी आयनिक बंधाची मांडणी केली, आणि १९१९ मध्ये लँगम्यूर यांनी त्या विचाराला आणखी व्यवस्थित रूप दिले. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) त्या वेळी अजून आकाराला यायची होती. तिच्या मदतीशिवाय मिथेन, अमोनिया, पाणी, कार्बन डायऑक्साइड यांची सूत्रे अशीच का आहेत हे कागदावर इलेक्ट्रॉनांसाठी ठिपके काढून सांगता येणे ही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्या आवर्तातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरिन यांच्या संयुगांपुरता तरी हा नियम आजही भक्कम आहे. दहावीच्या मुलाला मी जालक ऊर्जेचे चक्र शिकवू शकत नाही, ठिपके मात्र शिकवू शकतो, आणि त्या ठिपक्यांच्या आधारावरच तो पुढे सेंद्रिय रसायन शिकतो.

मृण्मयी_रसायन

नियम टाकून द्यावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. सूत्र लिहिण्यासाठी तो उत्तम आहे आणि मी स्वतः तो वापरते. अडचण सुरू होते ती "का" या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो पुढे केला जातो तेव्हा. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन आहेत, सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये गंधकाला सहा अणू जोडलेले आहेत, नायट्रिक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांची एकूण संख्याच विषम आहे, आणि तरीही ही तिन्ही संयुगे बाटलीत किंवा सिलिंडरमध्ये भरून ठेवता येतात. अष्टक हेच कारण मानणाऱ्या विद्यार्थ्याला ही तिन्ही "अपवाद" म्हणून पाठ करावी लागतात. ऊर्जेकडे पाहायची सवय असलेला विद्यार्थी निदान योग्य प्रश्न विचारतो: इथे बंध तयार होताना एवढी ऊर्जा कुठून मिळाली?

सायली_अकरावी

मॅडम, मी अकरावी विज्ञान शाखेत आहे. तुमचा हिशेब समजला, पण त्यातूनच एक शंका निर्माण झाली. जालक ऊर्जेमुळेच सगळे जमत असेल, तर सोडियम दोन इलेक्ट्रॉन देऊन दोन क्लोराइड का जोडून घेत नाही? आयनावरचा प्रभार दुप्पट झाला तर जालक ऊर्जाही बरीच वाढेल. उलट मॅग्नेशियम एकच इलेक्ट्रॉन देऊन का थांबत नाही? आमच्या वहीत दोन्हींचे उत्तर "अष्टक पूर्ण होते म्हणून" असेच आहे. ते पुरेसे नसेल, तर काय लिहायचे?

मृण्मयी_रसायन

सायली, फार चांगला प्रश्न विचारलास, आणि याचे उत्तर तूच काढू शकशील. लागणारे आकडे देते. सोडियमची दुसरी आयनन ऊर्जा ४५६२ आहे. मॅग्नेशियमचे अणू धातूतून सुटे करायला १४८ लागतात. त्याची पहिली आयनन ऊर्जा ७३८, दुसरी १४५१ आणि तिसरी ७७३३. मॅग्नेशियम क्लोराइडची जालक ऊर्जा सुमारे २५२६ धर. सोडियम डायक्लोराइड अस्तित्वात नाही, तेव्हा त्याची जालक ऊर्जा मॅग्नेशियम क्लोराइडइतकीच मान. तसेच एकाच क्लोराइडवर थांबलेल्या मॅग्नेशियमसाठी साध्या मिठाची ७८७ मान. आयनांचे आकार थोडे वेगळे असल्याने हे अंदाज नेमके नाहीत, पण निष्कर्षाची दिशा बदलेल इतके ते चुकीचेही नाहीत. हिशेब मांडून इथेच लिही.

विवेक_ठाणे

मी वाणिज्य शाखेचा, पण मुलीच्या अभ्यासामुळे हा धागा वाचतो आहे. एक शंका आहे. "बंधात ऊर्जा साठलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते" असे मी कुठेतरी वाचले होते. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा तेच होते ना? इथे मात्र बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते असे सगळे लिहीत आहेत. यातले बरोबर काय?

समस्थानिक

विवेकराव, बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते आणि बंध तयार होताना नेहमी ऊर्जा बाहेर पडते. याला अपवाद नाही, कारण दोन अणू वेगळे असण्यापेक्षा एकत्र असताना त्यांची ऊर्जा कमी असते म्हणूनच आपण त्याला बंध म्हणतो. "बंधात साठलेली ऊर्जा" हे वर्णन जीवशास्त्राच्या पुस्तकांतून आणि बोलण्यातून पसरले आहे, आणि ते विद्यार्थ्यांचे मोठे नुकसान करते असे माझे मत आहे.

तुमच्या ठाण्यात पाइपमधून येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो, तेव्हा त्याचाच हिशेब करू. मिथेनच्या एका रेणूत कार्बन-हायड्रोजन असे चार बंध आहेत, प्रत्येकी सुमारे ४१४, म्हणजे १६५६. तो जाळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, त्यांचे बंध प्रत्येकी ४९८, म्हणजे ९९६. हे सगळे तोडण्याचा खर्च २६५२. आता तयार काय होते ते पाहा. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-ऑक्सिजन असे दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, म्हणजे १५९८. आणि पाण्याच्या दोन रेणूंमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजन असे चार बंध, प्रत्येकी ४६३, म्हणजे १८५२. एकूण प्राप्ती ३४५०. वजाबाकी केली की ७९८ उरतात आणि त्याच उष्णतेवर भात शिजतो. प्रत्यक्ष मोजलेला आकडा, पाणी वाफेच्या रूपात राहते असे धरल्यास, ८०२ आहे. सरासरी बंध ऊर्जा वापरूनही फरक इतका कमी येतो.

आता हे बंध तेवढेच मजबूत का असतात, हा प्रश्न आपल्याला आवर्तसारणीकडे नेतो, म्हणून मॅडमच्या आवर्ती कलांच्या मुद्द्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकातले प्रोटॉन एकेकाने वाढतात, पण नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ एकमेकांपासून फारशी अडवत नाहीत. त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा परिणामी केंद्रकीय प्रभार वाढत जातो, अणूचा आकार कमी होतो आणि आयनन ऊर्जा वाढते. गणात खाली जाताना नवे कवच सुरू होते, अंतर वाढते, म्हणून आकार वाढतो आणि आयनन ऊर्जा कमी होते. अणुत्रिज्या, आयनन ऊर्जा, विद्युत ऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) यांचे कल आपण वेगवेगळे बाण काढून शिकवतो, पण त्यांच्यामागे हे एकच कारण आहे.

दुसऱ्या आवर्ताच्या पहिल्या आयनन ऊर्जा क्रमाने अशा आहेत: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१. चढत्या क्रमात दोन ठिकाणी घसरण आहे. बोरॉनपाशी घसरण होते कारण त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन २पी उपकवचात आहे, आणि ते २एस पेक्षा जास्त ऊर्जेचे असल्याने तिथला इलेक्ट्रॉन काढणे सोपे जाते. ऑक्सिजनपाशी होणाऱ्या घसरणीचे उत्तर बहुतेक वह्यांत "नायट्रोजनचे उपकवच अर्धे भरलेले असल्याने ते स्थिर असते" असे दिलेले असते. हे उत्तर मला अष्टकासारखेच वाटते: वर्णन बरोबर आहे, कारण मात्र मिळत नाही. फरक काढून पाहा. बोरॉन ते कार्बन २८५ ची वाढ, कार्बन ते नायट्रोजन ३१६ ची. मग ८८ ची घट. त्यानंतर पुन्हा ऑक्सिजन ते फ्लोरिन ३६७ ची आणि फ्लोरिन ते निऑन ४०० ची वाढ. म्हणजे चढण दोन्ही बाजूंना जवळपास तशीच आहे, मध्ये एकदाच पायरी खाली आली आहे. ऑक्सिजनचा चौथा पी इलेक्ट्रॉन प्रथमच आधी व्यापलेल्या कक्षिकेत (ऑर्बिटलमध्ये) जोडीने राहतो, त्या दोघांमध्ये प्रतिकर्षण होते, आणि त्यामुळे तो निघणे तेवढ्यापुरते सोपे होते. नायट्रोजनमध्ये काही विशेष घडण्यापेक्षा ऑक्सिजनपासून काहीतरी नवीन सुरू होते, असे पाहिले तर आलेख लगेच उलगडतो.

विद्यार्थ्यांचा आणखी एक गोंधळ मी नेहमी पाहतो. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर आणि क्लोरीनची ९९, म्हणून मिठाच्या चित्रात ते सोडियमचा गोळा मोठा काढतात. पण सोडियम आयनाची त्रिज्या १०२ आणि क्लोराइड आयनाची १८१ आहे. इलेक्ट्रॉन जाताच सोडियमचे बाहेरचे संपूर्ण कवच नाहीसे होते, तर क्लोरीनमध्ये तेवढ्याच प्रोटॉनांना एक इलेक्ट्रॉन जास्त सांभाळावा लागतो. जालक ऊर्जा आयनांमधल्या अंतरावर अवलंबून असल्याने हे माहीत असणे आवश्यक आहे.

क्षितिजा

समस्थानिक, फ्लोरिनबद्दलही लिहाल का? विद्युत ऋणता सर्वांत जास्त फ्लोरिनची, पण इलेक्ट्रॉन ॲफिनिटी (अणूला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर बाहेर पडणारी ऊर्जा) क्लोरीनची जास्त, असे का? शिवाय विद्युत ऋणतेतील फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर बंध आयनिक, कमी असेल तर सहसंयुज, हा नियम कितपत धरून चालावे?

समस्थानिक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. फ्लोरिनची इलेक्ट्रॉन ॲफिनिटी ३२८, क्लोरीनची ३४९. फ्लोरिनचे दुसरे कवच इतके लहान आहे की सात इलेक्ट्रॉनांच्या दाटीत आठवा शिरताना त्याला बरेच प्रतिकर्षण सोसावे लागते. तीच दाटी फ्लोरिनच्या रेणूतही दिसते: तिथला बंध फक्त १५८ चा आहे, तर क्लोरीनच्या रेणूतला २४२ चा, कारण दोन लहान अणूंवरच्या बंधात न वापरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींच्या फार जवळ येतात. पण फ्लोरिनचा इतका दरारा आहे तो याच दुबळ्या बंधामुळे. रेणू सहज फुटतो आणि मग लहान फ्लोराइड आयन कोणत्याही धन आयनाच्या किंवा पाण्याच्या अगदी जवळ जाऊन भरपूर ऊर्जा मोकळी करतो. इलेक्ट्रॉन ॲफिनिटीत गेलेले २१ इथे व्याजासकट वसूल होतात.

मृण्मयी_रसायन

क्षितिजा, १.७ चा नियम मी वर्गात सांगते, पण लगेच त्याच्याशेजारी दोन उदाहरणे लिहिते. हायड्रोजन आणि फ्लोरिन यांच्या विद्युत ऋणतेच्या पॉलिंग मूल्यांतला फरक १.७८ आहे; नियमाप्रमाणे हायड्रोजन फ्लोराइड आयनिक असायला हवे. प्रत्यक्षात ते १९.५ अंश सेल्सिअसला उकळणारे, रेणूंचे बनलेले संयुग आहे. लिथियम आणि हायड्रोजन यांच्यातला फरक १.२२ आहे, नियमाप्रमाणे लिथियम हायड्राइड सहसंयुज असायला हवे. प्रत्यक्षात तो आयनिक घन आहे, आणि वितळलेल्या अवस्थेत त्यातून वीज सोडली तर हायड्रोजन वायू धनाग्रापाशी मिळतो, म्हणजे तिथे हायड्रोजन ऋण आयनाच्या रूपात होता याबद्दल शंका राहत नाही.

फरकाइतकेच महत्त्व आयनाच्या आकाराला आणि प्रभाराला आहे, आणि हे फायान्स यांनी १९२३ मध्येच दाखवून दिले होते. लहान आणि जास्त प्रभाराचा धन आयन शेजारच्या मोठ्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ स्वतःकडे ओढून विकृत करतो, आणि ही विकृती वाढत गेली की बंध सहसंयुजतेकडे झुकतो. ॲल्युमिनियम फ्लोराइड साधारण १२९० अंशांच्या आसपास संप्लवन पावते (न वितळता थेट वायुरूप होते); निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड सुमारे १८० अंशांनाच वायुरूप होते आणि त्या वायूत दोन-दोन एकके जोडलेले रेणू सापडतात. धातू तोच, फक्त फ्लोराइडच्या जागी मोठा, सहज विकृत होणारा क्लोराइड आला. पावसाळ्यात प्रयोगशाळेत निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली उघडली की झाकणाभोवती पांढरा धूर दिसतो आणि घशाला झोंबणारा वास येतो. हवेतल्या ओलाव्याशी क्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडत असते. शेजारच्या मिठाच्या बाटलीत फार तर गठ्ठे होतात. आयनिक आणि सहसंयुज हे दोन कप्पे नाहीत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना त्या दोन बाटल्यांपाशी उभे करून सांगितली की लक्षात राहते.

धातुविद्या

मी आयुष्यभर धातुशास्त्रात काम केले आहे. गणात खाली जाताना अणूचा आकार वाढतो हा कल जिथे अडखळतो, तिथे उद्योगाचे पैसे खर्च होतात, म्हणून त्याबद्दल लिहितो.

ॲल्युमिनियमची धात्विक त्रिज्या १४३ पिकोमीटर, आणि त्याच्याखालच्या गॅलियमची १३५. आयनन ऊर्जाही जवळपास सारख्याच, ५७८ आणि ५७९. दोघांच्या मध्ये स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्ये येऊन जातात, त्यांचे डी इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत, आणि त्यामुळे गॅलियमचा अणू अपेक्षेपेक्षा आखडलेला राहतो. मेंडेलीव्ह यांनी याच मूलद्रव्यासाठी सारणीत जागा मोकळी ठेवली होती आणि ते १८७५ मध्ये सापडले. त्याचा द्रवणांक २९.८ अंश आहे, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेले गॅलियम द्रवच असणार.

याहून मोठा परिणाम झिर्कोनियम आणि हाफनियम यांच्यात आहे. मध्ये लँथनाइडांची (आवर्तसारणीत खाली वेगळी दाखवतात त्या मूलद्रव्यांची) संपूर्ण ओळ आल्याने हाफनियम इतके आखडते की त्याची त्रिज्या झिर्कोनियमइतकीच, साधारण १६० पिकोमीटर, भरते. आकार सारखा, संयुजा सारखी, म्हणून रासायनिक वागणूकही जवळजवळ सारखी. निसर्गात ही दोन मूलद्रव्ये एकत्रच सापडतात, आणि हाफनियम १९२३ पर्यंत कुणाच्या लक्षातही आले नव्हते, ते त्यामुळेच. अणुभट्टीत मात्र दोघे अगदी विरुद्ध आहेत: झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळपास अडवत नाही, हाफनियम ते शेकडो पट जास्त शोषून घेते. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यातल्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्या धातूतून हाफनियम आधी कसोशीने वेगळे काढावे लागते. एका आवर्ती कलामुळे अख्खी शुद्धीकरण प्रक्रिया उभारावी लागते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत का होईना, यायला हवी.

शिकवणीवाला

वर मी अष्टकाची बाजू घेतली होती, पण आता आयनन ऊर्जेचे माझे सर्वांत आवडते उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. राजवायू (निऑन, झेनॉन यांसारखे) कशाशीही संयोग पावत नाहीत, कारण त्यांचे अष्टक पूर्ण असते, असे अनेक दशके शिकवले जात होते. नील बार्टलेट यांनी कॅनडात प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडवर काम करताना पाहिले, की हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेते. त्यांनी आयनन ऊर्जांचा तक्ता पाहिला, तर ऑक्सिजनच्या रेणूची आणि झेनॉनची आयनन ऊर्जा जवळपास सारखीच होती, ११७० च्या आसपास. मग झेनॉननेच इलेक्ट्रॉन का द्यायचा नाही? १९६२ मध्ये त्यांनी झेनॉन आणि त्या संयुगाची तांबडी वाफ एकत्र आणली आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ लगेच तयार झाला. अष्टक पूर्ण असणे त्याला आड आले नाही. माझ्या शिकवणीत हे सांगितल्यावर मुले तक्त्यातल्या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात, हे मी अनुभवले आहे.

सायली_अकरावी

मॅडम, हिशेब केला.

सोडियम डायक्लोराइड: सोडियम सुटा करायला १०७, दोन इलेक्ट्रॉन काढायला ४९६ आणि ४५६२, क्लोरीनचे दोन अणू मोकळे करायला २४२. एकूण खर्च ५४०७. दोन क्लोराइडांकडून ६९८ परत, जालक ऊर्जेतून २५२६ परत. तरीही २१८३ ची तूट राहते. म्हणजे हे संयुग का तयार होत नाही ते कळले. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला असल्याने त्याची किंमत पहिल्याच्या नऊपटींहून जास्त आहे, आणि जालक ऊर्जा वाढूनही ती परवडत नाही.

मॅग्नेशियम क्लोराइड: १४८, ७३८, १४५१ आणि २४२ मिळून २५७९ खर्च. ६९८ आणि २५२६ परत. ६४५ शिल्लक. पुस्तकातली निर्मिती ऊष्मा ६४१ आहे, म्हणजे बरोबर आले. तिसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर एकट्या त्यालाच ७७३३ लागतात, त्यामुळे तो प्रश्नच मिटतो.

पण एकाच क्लोराइडवर थांबलेल्या मॅग्नेशियमपाशी अडले आहे. १४८, ७३८ आणि १२१ मिळून १००७ खर्च. ३४९ आणि ७८७ परत. १२९ शिल्लक राहतात. म्हणजे अष्टक पूर्ण नसूनही हे संयुग फायद्यात आहे! मग ते मिळत का नाही?

मृण्मयी_रसायन

सायली, हिशेब अचूक आहे, आणि तू अडलीस ती जागाही योग्य आहे. मूलद्रव्यांच्या तुलनेत एखादे संयुग फायद्यात असणे पुरेसे नसते. त्याच अणूंना याहून जास्त फायद्याची दुसरी मांडणी उपलब्ध आहे का, हेही पाहावे लागते. तुझ्या काल्पनिक संयुगाचे दोन मोल घे. त्यांची शिल्लक २५८. आता त्याच अणूंची एक मोल मॅग्नेशियम क्लोराइड आणि एक मोल मॅग्नेशियम धातू अशी वाटणी कर. धातूचे शून्य, क्लोराइडचे ६४५. म्हणजे आणखी ३८७ बाहेर पडू शकतात. म्हणून असे संयुग क्षणभर तयार झाले तरी एका मॅग्नेशियमचा उरलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जाऊन ते या दोन पदार्थांत मोडते. दुसरी आयनन ऊर्जा १४५१ एवढी असूनही ती परवडते, कारण तो इलेक्ट्रॉन अजून बाहेरच्याच कवचातला आहे, आणि दोन प्रभारांमुळे जालक ऊर्जा तिपटीहून जास्त होते.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर वहीत लिहायचे तर असे लिही: बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च जालक ऊर्जेतून भरून निघतो, आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनचा निघत नाही. कवच रिकामे होताच आयनन ऊर्जा एकदम उडी घेते, आणि ती उडी जिथे असते तिथेच आयनाचा प्रभार थांबतो. आठ इलेक्ट्रॉन उरलेले दिसतात ते या उडीच्या अलीकडे थांबल्यामुळे. परीक्षेत गुण जाऊ नयेत म्हणून शेवटी "त्यामुळे आयनाला राजवायूसारखे इलेक्ट्रॉन संरूपण मिळते" हेही जोड. ते खरेच आहे.

आणि तुझ्या १२९ बद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. एक धन प्रभाराच्या अवस्थेतला मॅग्नेशियम खोलीच्या तापमानाला स्थिर ठेवण्यात २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांना यश आले. त्यांनी मॅग्नेशियमभोवती मोठे, अवजड सेंद्रिय गट बसवले, त्यामुळे मोडण्यासाठी लागणारी जवळीक अणूंना साधताच येईना, आणि उरलेला एकेक इलेक्ट्रॉन दोन मॅग्नेशियम अणूंनी आपापसांत सामायिक करून त्यांच्यात सहसंयुज बंध तयार झाला. पुढचा हिशेब ॲल्युमिनियमचा कर. आयनन ऊर्जा ५७८, १८१७, २७४५ आणि ११५७७. उडी कुठे आहे ते तुला लगेच दिसेल. त्याचे क्लोराइड आयनिक का राहत नाही, हे मात्र वर क्षितिजाला दिलेल्या उत्तराशी जोडून लिही.